जिउ-जित्सूच्या पार्टनर वॉर्म-अप ड्रिल्सचा व्हिडिओ कोर्स: पासिंग भारी, सबमिशनला नको तेवढी घाई

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि असे कोर्स आता ढिगाने निघालेत, साचा साधारण सारखाच, त्यामुळे दुसरा कुठला घेणार असाल तरी यातलं बरंच लागू पडेल. विषय एवढाच की क्लासच्या सुरुवातीला मॅटभोवती पळणं, फॉरवर्ड रोल, ब्रिज (पाठीवर पडून कंबर वर उचलणं), श्रिम्पिंग (पाठीवर पडून कंबर मागे सरकवणं) हे सगळं एकेकट्याने उरकण्यापेक्षा पहिल्यापासूनच पार्टनर घ्यायचा आणि अंग गरम होता होता गार्ड पासिंग (खाली पडलेला पायांनी अडवून धरतो तो गार्ड, त्याचे पाय ओलांडून बाजूला पोचणं म्हणजे पास) आणि सबमिशनच्या (समोरच्याला हार मानायला लावणारे लॉक आणि चोक) हालचाली घोटायच्या. ज्यूदोवाले उचिकोमी करतात ना, थ्रोची एंट्री परत परत मारायची पण पाडायचं नाही, त्याच जातीचं.

पासिंगचा भाग आधी, कारण पैसे तिथेच वसूल होतात. सुरुवात तोरेआंदोने, म्हणजे उभं राहून पार्टनरच्या गुडघ्यांपाशी पॅंट धरायची, पाय एका बाजूला ढकलायचे आणि आपण दुसऱ्या बाजूने आत शिरायचं. हे सगळेच शिकवतात, पण इथे खाली झोपलेल्या माणसालाही काम दिलंय आणि माझ्या मते अख्ख्या कोर्समधली हीच खरी हुशारी आहे. पहिल्या राउंडला त्याने फक्त पाय जिवंत ठेवायचे, दुसऱ्याला कंबर फिरवून पास करणाऱ्याकडे तोंड करत राहायचं, आणि तिसऱ्याला पास करणारा जरा जरी रेंगाळला तरी गुडघा आत घालून गार्ड परत मिळवायचा. नाहीतर आपल्याकडे ड्रिल म्हणजे काय, एक जण ओंडक्यासारखा पडलेला आणि दुसरा त्याच्याभोवती डावीकडे उजवीकडे उड्या मारतोय, दोघांच्याही डोक्यात भलतंच काहीतरी चालू, नुसत्या पाट्या टाकणं. खालच्याचं अंगही गरम होत नाही आणि वरच्याला वाटतं आपला पास झकास आहे, मग रोलिंगला (म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत) कोणीतरी कंबर वळवली की सगळं मुसळ केरात.

त्यानंतरची साखळी तर अजून भारी. तोरेआंदो मारला, पार्टनरने कंबर सरळ केली, की त्याचा एक पाय आडवा ओढून आपल्या कंबरेने दाबायचा, झाला लेग ड्रॅग (हा पास जगभर पोचवण्यात राफाएल आणि गिल्येर्मे मेंडेस या दोन भावांचा मोठा वाटा). त्याने गुडघा मध्ये घातला तर त्याच मांडीवरून आपला गुडघा सरकवत नी-कट. नी-कटमध्ये अंडरहुक (समोरच्याच्या काखेखालून घातलेला हात) कोणाला मिळतो यावरच सगळं ठरतं, म्हणून तिथे दोघांनी फक्त अंडरहुकसाठी झगडायचं असा छोटा खेळ ठेवलाय, पास पूर्ण नाही झाला तरी चालेल. तीन पास वेगवेगळे शिकलेले असतात बऱ्याच जणांनी, पण एकातून दुसऱ्यात कधी जायचं ते समोरचा काय करतो त्यावरून कळतं आणि ते हातापायाला समजायला हे ड्रिल फार कामाचं आहे.

तरी दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे प्रत्येक पास कंबरेशेजारी पोचला की संपवतात, उठले, परत पहिल्यापासून. आयबीजेजेएफच्या (जिउ-जित्सूच्या स्पर्धा घेणारी संघटना) नियमात पासचे 3 पॉइंट मिळायला पोझिशन 3 सेकंद टिकवावी लागते, आणि नियम राहू दे बाजूला, पोचल्यावर छातीचं वजन टाकलं नाही की खालचा निसटतोच. आम्ही मग प्रत्येक रेपच्या (रिपिटिशनच्या) शेवटी क्रॉसफेस लावून (हाताने त्याचा चेहरा पलीकडे वळवून) दोन श्वास थांबायचं ठरवलं. रेप कमी होतात, होऊ देत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, डबल-अंडर स्टॅक पास चक्क वॉर्म-अपमध्ये घेतलाय. त्यात खालच्याची कंबर उचलून त्याला त्याच्याच मानेवर दुमडायचं असतं, मान अजून थंड, आणि वरचा माणूस वीसेक किलोने जड असला तर? माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या बाईने तरी ते ड्रिल सरळ वगळावं. व्हिडिओत दोघं जण सारख्याच वजनाचे आहेत म्हणून ते छान दिसतं.

आता सबमिशन. इथे वाटतं की कोर्स दुसऱ्याच कोणीतरी बनवलाय, कारण खालच्याला काम द्यायची जी अक्कल पासिंगमध्ये होती ती इथे गायब. क्लोज्ड गार्डमधून (दोन्ही पाय वरच्याच्या कंबरेभोवती बांधून) डावा आर्मबार (हात ताणून कोपरावर लॉक), उजवा आर्मबार, डावा, उजवा, मागे बीप वाजतोय आणि वरचा पार्टनर दोन्ही हात सरळ पुढे करून बसलाय, असं रोलिंगमध्ये कोण बसतं हो? वेग वाढला की कंबर उचलणं, गुडघे आवळणं, अंगाचा कोन बदलणं सगळं सुटतं आणि नुसते पाय इकडून तिकडे फेकले जातात. त्याच वेगात कोणी शेवटी कंबर वर मारली तर समोरच्याचं कोपर गेलं समजा. कुठे थांबायचं हे पूर्ण भागात एकदाही सांगितलेलं नाही, म्हणजे हात सरळ व्हायच्या आधी थांबा, टॅपची (हार मानली म्हणून थोपटण्याची) वाट बघू नका, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ट्रायंगलमध्ये (दोन्ही पायांच्या त्रिकोणात मान आवळणं) पण स्वतःच्या पायाचा पंजा धरून ओढताना दाखवलंय, त्याने घोट्यावर आणि गुडघ्यावर उगाच ताण येतो, नडगी धरायची असते ना.

आर्मबार, ट्रायंगल, ओमोप्लाटा (पायांनी खांद्यावर लावलेलं लॉक) ही साखळी घेतलीये ते बरंय, पण तिचा उपयोग तेव्हाच जेव्हा वरचा काहीतरी करेल. आम्ही बदल असा केला: आर्मबार येतोय दिसलं की वरच्याने कधी कोपर ओढून घ्यायचं, मग ट्रायंगल, कधी पाठ सरळ करून उठायला बघायचं, मग ओमोप्लाटा, आणि काय करणार ते आधी सांगायचं नाही. हिप-बंप (कंबरेच्या धक्क्याने वरच्याला उलटवणं), किमुरा (दोन्ही हातांनी खांद्यावर लॉक), गिलोटिन (समोरून मान आवळणं) या त्रिकुटाचंही तसंच, वरचा मागे ढकलला जातोय का, हात टेकवतोय का, की डोकं पुढे घालतोय, यावरून कुठलं ते ठरू द्या. हल्ली अशा ठरीव ड्रिलविरुद्ध बरेच कोच बोलतात, त्यांचं म्हणणं रेप मोजण्यापेक्षा छोटे छोटे खेळ खेळा. मला पूर्ण पटत नाही, अगदी नव्या माणसाला आधी हालचाल माहीत तरी पाहिजे, पण या कोर्सचा सबमिशनचा भाग बघितला की त्यांचं म्हणणं का पटतं ते कळतं.

बोनस म्हणून हील हुकच्या (टाच पिरगाळून गुडघ्याला पीळ देणारं लॉक) एंट्रीज दिल्यात आणि त्या व्हाइट बेल्टनी वॉर्म-अपला कराव्यात असं सुचवलंय, हे मात्र अजिबात नको. आयबीजेजेएफने 2021 मध्ये हील हुकला परवानगी दिली तीसुद्धा फक्त नो-गी (गी म्हणजे जाड जॅकेट-पॅंटचा ड्रेस, तो न घालता) आणि फक्त अडल्ट ब्राउन-ब्लॅक बेल्टला, आणि त्याला कारण आहे, त्यात दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा गुडघ्याचे लिगामेंट आधीच ताणले गेलेले असतात. एंट्रीची सवय हवीच असेल तर टाचेला हात न लावता फक्त पायांची पकड घेऊन सोडून द्या.

बाकी किरकोळ. पहिलंच ड्रिल फुल स्पीडला आहे, त्याआधी पाचेक मिनिटं हलकं काहीतरी स्वतःचं करून घ्या नाहीतर मांडीचा सांधा बोंबलतो. गीमध्ये प्रत्येक रेपला पॅंट घट्ट मुठीत पकडलीत तर रोलिंगच्या आधीच बोटं संपतात, निम्मे राउंड नुसते तळवे टेकवून केले तरी चालतंय. कॅमेरा चांगला, वरून घेतलेला अॅंगल पासिंगला फार उपयोगी, आवाज मात्र घुमतो आणि बीपच्या वर कोचचं बोलणं ऐकूच येत नाही काही ठिकाणी. पासिंगचा भाग सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या, रोज ज्याच्याबरोबर ट्रेनिंग करता त्याच्याबरोबर अर्धा अर्धा वाटून घेतला तर अजूनच बरं, तसंही एकट्याला त्याचा काही उपयोग नाही.