सफाईकाम मिळवून देणारी एजन्सी : जाऊबाईंच्या पगाराच्या पावतीवरून

हिंजवडी परिसरातील कार्यालयांना सफाई कर्मचारी पुरविणाऱ्या एका एजन्सीमार्फत माझ्या जाऊबाईंना नुकतेच काम मिळाले. त्यांची कागदपत्रे भरण्यापासून पगाराची पावती समजावून सांगण्यापर्यंत सर्व काही माझ्याकडे असल्यामुळे, असे काम शोधणाऱ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. एजन्सीचे नाव मुद्दामच देत नाही.

काम मिळवून देण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. नाव नोंदविण्यासाठी पैसे मागितले नाहीत. आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे घेऊन पोलीस पडताळणीचा अर्जही त्यांनीच भरून दिला. कामावर पाठविण्यापूर्वी प्रशिक्षण दिले, आणि तेही नावापुरते नव्हते : स्वच्छतागृहाचे लाल फडके इतरत्र वापरायचे नाही, फरशी पुसताना ओल्या जागेवर सूचनाफलक ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे संडास धुण्याचे अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वर्षानुवर्षे धुणीभांडी आणि लादी-संडास करणाऱ्या जाऊबाईंना ही शेवटची गोष्ट यापूर्वी एकाही मालकिणीने सांगितली नव्हती.

खरी अडचण पगाराच्या आकड्यात आहे. मुलाखतीच्या वेळी तोंडी सांगितलेल्या रकमेत मालकाच्या हिश्श्याचा भविष्यनिर्वाह निधीही धरलेला होता, हे पहिली पावती हाती आल्यावरच कळले. म्हणून "महिना किती?" एवढेच न विचारता "हातात किती?" असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. हिशेब अवघड नाही. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये आणि इतर भत्ते 1,000 रुपये असतील, तर कर्मचाऱ्याच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) म्हणजे 1,560 रुपये आणि एकूण वेतनावर 0.75 टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे 105 रुपये कापले जाऊन 12,335 रुपये हातात येतात. महाराष्ट्रात दरमहा 25,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसायकर लागत नाही. तरीही तो पावतीत दिसला, तर पर्यवेक्षकाशी वाद न घालता थेट कार्यालयात विचारावे. गणवेश आणि बुटांचे पैसे मात्र या एजन्सीने न सांगता कापले, आणि ते मला मुळीच पटलेले नाही.

कपात होते म्हणून ईएसआय नको म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या किरकोळ रकमेत स्वतःबरोबर नवरा-मुलांचेही उपचार होतात आणि पुण्यात बिबवेवाडी व चिंचवडच्या मोहननगर येथे ईएसआयची रुग्णालये आहेत. घरोघरी काम करताना ताप आला की खाडा धरला जातो. येथे सहा महिन्यांच्या अंशदान (ईएसआयची वर्गणी) काळात किमान 78 दिवसांचे अंशदान जमा असेल, तर आजारपणाच्या रजेचा भत्ताही मिळू शकतो.

मात्र ज्यांची मुले लहान आहेत त्यांना हे काम सोयीचे होईलच असे नाही. घरकामात दुपारी दोन तास घरी येता येते. येथे बोटाचा ठसा देऊन आत गेले की कामाची पाळी संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही आणि बदली बाई न आल्यास थांबावे लागते. शिवाय ठेका बदलला की कामाची जागाही बदलू शकते, त्यामुळे घरापासून किती अंतरापर्यंत पाठविणार हेही आधीच ठरवून घ्यावे.

यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, स्वतःच्या मोबाईलशी जोडून सरकारी उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला पीएफचे पासबुक पाहावे. पावतीत कापलेली रक्कम तेथे जमा झालेली दिसत नसेल, तर पुढच्या पगाराची वाट न पाहता लेखी विचारणा करून तिची पोच घ्यावी. जाऊबाईंची रक्कम आतापर्यंत नियमित जमा झाली आहे, म्हणून गणवेशाची कुरबुर असूनही त्यांनी ते काम सोडलेले नाही.