लंडनचा कंजेशन चार्ज : हॅरोच्या फराळवालीचा हिशेब (पाचपैकी साडेतीन तारे)

मी लंडनच्या बाहेरच्या भागातल्या हॅरोत राहते आणि घरून मराठी जेवणाचे डबे नि फराळ करून देते. गिऱ्हाईकं बहुतेक फॅरिंग्डन आणि होबर्नच्या ऑफिसांतली, म्हणजे थेट कंजेशन चार्जच्या (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यावरच्या कोंडी-कराच्या) हद्दीतली. त्यामुळे या कराबद्दलचं माझं मत डब्यांच्या वहीतून तयार झालंय.

मध्य लंडनमध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६ आणि शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ६ या वेळात गाडी नेली की दिवसाचे पैसे पडतात. फेब्रुवारी २००३ मध्ये सुरुवात ५ पौंडांनी झाली, २ जानेवारी २०२६ पासून १८ झालेत. टोलनाका नाही, रांग नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. नव्या माणसाने ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापले जायची सोय, लावूनच टाकावी, कारण भरायचं विसरलं तर दंड १८० पौंड.

आता माझी वही. एका फेरीत वीस डबे. १८ पौंड म्हणजे डब्यामागे ९० पेन्स, पार्किंग वेगळं. एवढे पैसे मी गिऱ्हाइकावर टाकू शकत नाही. म्हणून आठवडाभर ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, मेट्रोपॉलिटन लाइन आणि चाकांच्या दोन पिशव्या. हॅरो-ऑन-द-हिलला लिफ्ट आहे, फॅरिंग्डनलाही आहे. ट्यूबची गाडी वातानुकूलित, या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून मोकळी, त्यामुळे पिशव्या कोणाच्या पायात येत नाहीत. पुढे क्लार्कनवेल रोडवरून ५५ नंबरची बस, १.७५ पौंड. तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढलं तर तिचं भाडं लागत नाही. चार्ज नसता तर मी गाडी सोडली नसती, हे खरं सांगते. पण लिफ्ट आणि बस नसत्या तर नुसत्या चार्जने माझा धंदा बसला असता. २००३ मध्ये चार्जबरोबरच जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या आणि उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन घातलं होतं. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. पहिल्या काळात कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. नंतर रस्त्यांची खोदकामं आणि बाकीच्या कारणांनी ती पुन्हा वाढली, तेव्हा रस्ते रिकामे मिळतील अशी आशा ठेवू नका.

हा गरिबांवर कर आहे असं आमच्या ओळखीत पुष्कळ जण म्हणतात. मला पटत नाही. पहाटेच्या बसमध्ये बसून बघा. साफसफाईला निघालेल्या बायका, हॉस्पिटलची पाळी संपवून परतणारे लोक. गाडी त्यांच्याकडे नसतेच. एकेकट्या माणसाच्या गाड्यांमागे यांची बस का अडकावी?

दीड तारा कापलाय तो आकारणीसाठी. पावणेसहाला दहा मिनिटं आत गेलेल्याला १८ आणि दिवसभर आत फिरणाऱ्यालाही १८. सिंगापूरमध्ये वेळ आणि रस्ता बघून दर लावतात, ते जास्त न्याय्य आहे. शिवाय हद्दीत राहणाऱ्यांना ९० टक्के सवलत मिळते, म्हणजे लंडनच्या महागड्या वस्त्यांमधला माणूस १.८० भरतो. ब्लू बॅज असलेल्या अपंगांना पूर्ण माफी आहे, ती हवीच.

दुसरा कर युलेझचा, गाडीच्या धुरावरचा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो हॅरोसकट सगळ्या लंडनला लागू झाला. आमच्या २०१२ च्या डिझेल गाडीला रोज १२.५० पौंड, सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं तरी. वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून चणाडाळीचं पोतं बसने आणता येत नाही. गाडी भंगारात काढून २,००० पौंडांचं अनुदान घेतलं आणि २००९ ची पेट्रोल गाडी आणली. तिला तो लागत नाही. धूर कमी व्हावा हे मलाही हवंय, पण बाहेरच्या भागात आधी बस वाढवायला हव्या होत्या.

दिवाळीच्या शनिवारी मात्र गाडीच काढते, कारण ट्यूबच्या गर्दीत चकल्यांचा चुरा होतो. सकाळी आठला निघते, साडेअकराला शेवटची करंज्यांची पेटी पोचवते आणि बाराच्या आत मेरिलबोन रोडला लागते. तो हद्दीवरचा रस्ता, त्यावर कंजेशन चार्ज नाही.