हत्ती चकाकला, पाटल्या झिजल्या

इंदिरानगरात राहते. गेल्या मंगळवारी आमच्या घरी जे झालं ते लिहितेय, कारण शेजारच्या दोन सोसायट्यांमध्येही दागिने चमकवण्याच्या नावाखाली फसवणारा हाच माणूस येऊन गेल्याचं नंतर कळलं.

माझ्या वडिलांचे बुकएंड आहेत, म्हणजे पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ठेवायचे टेकू, भांडी बाजारातून घेतलेले. पितळेचा एकेक हत्ती, खाली पांढऱ्या संगमरवराची बैठक. बरेच दिवस घासले नव्हते, पार काळवंडले होते. दुपारी तिनाच्या सुमारास बेल वाजली. दारात एक माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात पावडरची पाकिटं. "ताई, कंपनीची जाहिरात आहे, एक पैसा नको. पितळेचं काहीतरी द्या." मी कौतुकाने हत्तीच आणून दिला.

पावडर नुसती दाखवायला. खरं काम त्याच्या बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवाचं. दोन मिनिटांत हत्ती लखलखला, जरा तांबूसच दिसला. एक ओघळ बैठकीवर आला आणि तिथे सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं फसफसलं. "मळ सुटतोय," म्हणाला. मी मान डोलावली! संगमरवर म्हणजे चुनखडीचाच प्रकार, आम्ल लागलं की फसफसणारच, हे शाळेत शिकलेय मी. पण डोळे हत्तीवर होते.

मग सासूबाईंच्या पाटल्या. त्याच द्रवात बुडवल्या, ब्रश फिरवला, मग हळदीच्या पाण्यासकट डब्यात बंद. "आजी, वीस मिनिटं उघडू नका, झळाळी बसू द्या." स्वतःचा वाडगा मात्र त्याने आठवणीने कॅनमध्ये ओतून घेतला. सोनं त्यातच गेलं.

डबा उघडला तर पाटल्या होत्या, पण नक्षी बोथट, कडा खरखरीत. सराफ बाजारात वजन केलं. पावतीवर ४० ग्रॅम, काट्यावर साडेचौतीस. सराफ म्हणाले, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण असणार, त्यात सोनं विरघळतं आणि नंतर काढूनही घेता येतं.

हत्तीपुरतं सांगते. पितळेला घरची चिंच किंवा पीतांबरी पुरते, पण दगडाची बैठक असेल तर तिथे एक थेंबही जाऊ देऊ नका. दगड ओल्या फडक्याने पुसायचा, लगेच कोरडा करायचा. मी घाबरून डागावर लिंबू चोळलं, तो आणखी पसरला. तो डाग नव्हेच, दगड खाल्ला गेलाय. फरशी पॉलिश करणाऱ्याकडूनच घासून घ्यावा लागेल. पितळेवर लाखेचा पारदर्शक थर असेल तर चिंचही नको, नुसतं फडकं. लाकडी बैठकीला तर पाणीसुद्धा जपून.

तक्रार दिलीय. खाली दुसरा एक जण मोटारसायकल चालू ठेवून उभा होता, असं वॉचमन सांगतो. आमचा कॅमेरा नेमका पार्किंगकडे वळलेला. मंगळवारी दुपारी तीन ते चारचं रस्त्याकडचं चित्रीकरण कुणाकडे असेल तर पुसू नका, कळवा.