सत्तावीस रुपये चौदा पैसे: तीन खात्यांतून रोकड काढताना

एटीएममधून फुकट काढायच्या खेपा संपल्या की पुढच्या प्रत्येक वेळी 23 रुपये, वर 18 टक्के जीएसटीचे 4 रुपये 14 पैसे. एकूण 27 रुपये 14 पैसे. रिझर्व्ह बँकेने 1 मे 2025 पासून ही कमाल मर्यादा ठरवून दिली. त्याआधी 21 होते, करासह 24 रुपये 78 पैसे. वाढ म्हटली तर 2 रुपये 36 पैशांचीच. पण त्या निमित्ताने मी मोबाइलवर एक तक्ता उघडला आणि तेव्हापासून घरात येणारी सगळी रोकड त्यात टिपतोय: कोणतं कार्ड, कोणतं मशीन, किती काढले, किती कापले. शेवटचा रकाना मी माझ्या मनाने घातला, शंभर रुपये हातात यायला किती पडले त्याचा. तोच सगळ्यात कामाचा निघाला.

आमचं काम रावेर तालुक्यात, केळीचं. हंगाम चालू असला की दर बाजाराच्या दिवशी साधारण 30,000 रुपये मजुरी वाटावी लागते. पुण्याचे पाहुणे म्हणतात, यूपीआय कर ना. त्यांना काय जातं म्हणायला! घड कापणारे, गाडी भरणारे बरेचसे सातपुड्यातले पावरा-बारेला आदिवासी. नवरा-बायको दोघं राबतात, घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात. बाईला तिची मजुरी तिच्या हातात हवी असते आणि लगेच बाजार करायचा असतो. तिथे रोकडच लागते.

वापरात तीन खाती आहेत. माझं एक सरकारी बँकेत, एक खासगी बँकेत, आणि आईचं जनधन. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण नियम सगळ्या बँकांना तेच आहेत; जनधनचा वेगळा, तो पुढे येईल. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला निदान 5 खेपा फुकट. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा शहरांत 3, बाकी सगळीकडे 5. इथे खातं कुठल्या शाखेत आहे ते बघत नाहीत, मशीन कुठे उभं आहे ते बघतात. म्हणजे आपल्याकडचा पोरगा सुरतेला कामाला गेला तर त्याला 5 मिळतात आणि मुंबईला गेला तर 3. पुणंही त्या सहांत नाही. गावोगावी दुकानाच्या गाळ्यात जी बिगर-बँक कंपन्यांची मशीनं दिसतात, ती सगळी ‘दुसऱ्या बँकेची’ म्हणूनच मोजली जातात.

आता माझा हिशेब. आमच्या नाक्यावरचं मशीन दुसऱ्या बँकेचं आहे आणि एका वेळी 10,000 च्या वर देत नाही. आठवड्याच्या 30,000 ला तीन खेपा, चार बाजारांच्या महिन्यात 12. त्यातल्या 5 फुकट, उरलेल्या 7 चे 189 रुपये 98 पैसे. सगळं एकाच कार्डाने काढलं तर हा आकडा. दोन कार्डांत वाटून काढलं, सहा-सहा खेपा, तर दोन्हीकडे एकेकच जास्तीची खेप पडते: 54 रुपये 28 पैसे. तेही वाचवायचे तर दोन खेपा फैजपूरला जाऊन आपापल्या बँकेच्या मशीनवर कराव्या लागतात, कारण तिथल्या पाच वेगळ्या मोजतात.

इथे मात्र सल्ला देणारे सगळे एक गोष्ट विसरतात. फैजपूर आमच्यापासून जाऊन-येऊन 18 किलोमीटर. गाडी लिटरला 45 जाते, पेट्रोल 105 धरलं तर 42 रुपये गेले. एका खेपेचे 27 रुपये 14 पैसे वाचवायला 42 चं पेट्रोल! बाजाराला किंवा खताला जायचंच असेल तर गोष्ट वेगळी, पण फक्त ‘फुकट’ काढायला गावाबाहेर जाणं तक्त्यात कधीच परवडलेलं दिसलं नाही. मशीनमधून काढायचं ते मी तेव्हापासून नाक्यावरच काढतो, शुल्क पडलं तर भरतो आणि डोकं शांत ठेवतो.

कारण 10,000 वर 27 रुपये म्हणजे शंभरी 27 पैसे. मला ते झेपतं. आईच्या ओळी बघितल्या तेव्हा आकडा वेगळाच निघाला. म्हाताऱ्या माणसांना घरात जास्त पैसे ठेवायची भीती वाटते, म्हणून ती 500-500 काढायची. जनधनसारख्या साध्या खात्यावर महिन्याला निदान 4 वेळा फुकट काढता येतात. पण त्यात एटीएमच्याच नाही, शाखेतल्या खेपाही धरतात. त्यापुढे 500 काढले आणि पूर्ण शुल्क लागलं तर शंभरी 5 रुपये 43 पैसे. माझ्या वीसपट! बचत खात्यावर मोठ्या बँका सध्या वर्षाला अडीच टक्के व्याज देतात. त्या दराने एका खेपेचं शुल्क भरून निघायला 1,086 रुपये वर्षभर खात्यात पडून राहायला हवेत. लाडक्या बहिणीचे 1,500 तीन हप्त्यांत काढणाऱ्या बायका आमच्या गल्लीत कमी नाहीत. दरपत्रकात सगळ्यांना एकच दर, पण खरा भार पडतो तो थोडं थोडं काढणाऱ्यावर.

अंगठा लावून पैसे देणाऱ्या केंद्राचं म्हणाल तर आईसाठी तेच सोयीचं पडलं, मशीनसमोर पिन आठवत बसायला नको. पण केंद्रवाला हातोहात दहा-वीस मागतो, त्याची पावती नसते, म्हणून तक्त्यात मी त्याचा वेगळा रकाना केला. 1,000 ला 20 म्हणजे शंभरी 2 रुपये. पावती मागितली की तो बहुतेक वेळा ‘राहू द्या’ म्हणतो. मागून बघा.

शिल्लक बघण्याचं प्रकरण अजून चमत्कारिक. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक बघितली तरी पाचांतली एक खेप जाते. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर बघितली तर ती मोजायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2019 मध्येच सांगितलंय. मशीन बिघडलं, नोटा नव्हत्या, म्हणून पैसे निघाले नाहीत तरी ती खेप धरायची नाही. पण खात्यात 480 आहेत आणि 500 मागितले, तर बऱ्याच बँका 20 ते 25 रुपये अधिक कर लावतात. हातात काहीच नाही, वरून दंड. आमच्याकडे रांगेतली बाई मागच्याला विचारते, ‘पैसा शेतस का मशीनमा?’ मी म्हणेन, मशीनमध्ये आहेत का ते नंतर, आधी फोनवरून खात्यात किती आहेत ते बघा.

एकदा माझ्या खासगी बँकेच्या खात्यातून 10,000 वजा झाले आणि नोटा आल्याच नाहीत. नियम असा की व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. पैसे उशिरा का होईना आले, भरपाई आली नाही. शाखेतल्या साहेबांनी ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ म्हणून हात वर केले. लेखी अर्ज दिला, त्यावर 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, पोच घेतली. मग भरपाई जमा झाली. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. एटीएमची पावती जपून ठेवा, आणि तिच्यावरची छपाई उडते म्हणून तिचा फोटो लगेच काढा.

तुमच्या 23 रुपयांतले 19 तुमची बँक दुसऱ्या बँकेच्या मशीनमालकाला देते. मे 2025 आधी 17 देत होती. त्यामुळे परक्या मशीनवरचं शुल्क मला समजतं. स्वतःच्याच मशीनवर पाचाच्या पुढे तेच 23 घेणाऱ्या बँकेचं मात्र मला पटलेलं नाही, कारण तिथे बाहेर काहीच द्यायचं नसतं.

सुट्ट्या नोटांचा त्रास थोडा कमी झालाय. सप्टेंबर 2025 अखेरपर्यंत 75 टक्के मशीनांत निदान एका कप्प्यात 100 किंवा 200 च्या नोटा हव्यात, असा आदेश होता. मार्च 2026 अखेर 90 टक्के. नाक्यावरच्या मशीनमधून आता 200 च्या नोटा निघतात. पूर्वी 350 मजुरीचे 500 देऊन उरलेले 150 मागायला किराणा दुकानात उभं राहावं लागायचं.

सध्या असं चाललंय. मजुरीची मोठी रक्कम महिन्यातून एकदा शाखेतून सेल्फ चेकने काढतो. एकाच खेपेत काम होतं आणि माझ्या खात्यावर ती खेप फुकट बसते, फक्त दुपारच्या जेवणाआधी पोचावं लागतं. बाकीचे बाजार दोन्ही कार्डं आलटून पालटून नाक्यावर. आईचं मी 2,000 एकदम काढून आणतो आणि तिला पाकिटं करून देतो. ती त्यातलं एक अजूनही पिठाच्या डब्यामागे लपवते. क्रेडिट कार्डाने रोकड काढायचा मोह मला एकदाही झालेला नाही. तिथे काढताच शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. तक्ता हवा असेल तर रकाने वर दिलेत, फोनमधल्या कुठल्याही हिशेबाच्या अॅपमध्ये होतो.