ठाण्याहून वर्षभर जायचं तर कुठे: जव्हार, भंडारदरा की महाबळेश्वर?

दरवर्षी नवं ठिकाण शोधत बसण्यापेक्षा एकच डोंगरी मुलूख निवडावा आणि तिथे तिन्ही ऋतूंत जावं, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात धबधब्यापाशी फोटो काढून जो परत फिरतो, त्याला त्या गावची भातकापणी, वाघबारस (वाघाला देव मानून पुजण्याचा आदिवासींचा सण), होळी यांतलं काहीच दिसत नाही. आणि डोंगर पाहिला पण माणसं पाहिली नाहीत, तर त्या सुट्टीतून हाती फार थोडं लागतं. ठाणे-नवी मुंबईकरांना हे जमण्यासारखं आहे, कारण सह्याद्री आपल्या दारात आहे. मुलूख कोणता निवडायचा, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या मते खरी निवड तिघांत आहे: जव्हार-मोखाडा, भंडारदरा-अकोले आणि महाबळेश्वर-वाई. माथेरान मी बाजूला ठेवलं आहे. तिथली गाडीबंदी सुखाची आहे आणि १९०७ सालापासूनची छोटी रेल्वे मुलांना आवडतेच, पण दोन दिवसांत ते पाहून होतं.

आधी रस्ता. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारला जायला ठाण्याहून साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर पडतात. भंडारदरा दीडशेच्या आसपास आहे, तर महाबळेश्वर अडीचशेच्या पुढे. मात्र शनिवारी सकाळी माजिवड्यापासून भिवंडी बायपासपर्यंत जी कोंडी होते, ती जव्हार आणि भंडारदरा या दोन्ही वाटांवर लागते, म्हणून सहाच्या आत घर सोडलेलं बरं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून कसारा घाट टाळून इगतपुरीला उतरता येतं आणि पुढे घोटीवरून भंडारदरा गाठता येतो. टोल आहे, दुचाकीला परवानगी नाही, पण लहान मुलं किंवा घाटात मळमळणारं कुणी सोबत असेल तर पैसे वसूल. गाडीच नसेल तरीही भंडारदराच सोयीचा: कसारा लोकलने शेवटपर्यंत जायचं आणि पुढे जीप, किंवा रेल्वेने इगतपुरी आणि घोटीहून एसटी. खारघर-पनवेलकरांचं गणित वेगळं आहे. कळंबोलीला द्रुतगती मार्ग हाताशी असल्यामुळे त्यांना महाबळेश्वर ठाणेकरांइतकं लांब वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तिथे गेल्यावर काय मिळतं.

जव्हार २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्याआधी, १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत, ते मुकणे घराण्याचं संस्थान होतं. महादेव कोळी राजघराण्याचं संस्थान ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे, आणि जयविलास राजवाडा पाहताना ती लक्षात ठेवावी. १६६४ च्या सुरत स्वारीवर जाताना शिवाजी महाराज गावाबाहेर शिरपामाळावर थांबले होते, असं तिथे सांगतात. पण जव्हारला जायचं खरं कारण म्हणजे वारली माणसं. कुर्त्यांवर आणि कपांवर छापलेली वारली चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, लग्नाआधी, सवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, आणि त्यातली सुफलतेची पालघाट देवी हे काही वेगळंच. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते ती याच चौकासमोर. ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे.

म्हणून जव्हारला केव्हा जायचं हे धबधब्यावरून ठरवू नका. दाभोसा पावसाळ्यात देखणा असतोच, पण भात घरात आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, तारपा वाजतो. वाळलेल्या दुधीचं आणि ताडाच्या पानांचं ते वाद्य, वाजवणारा मधोमध आणि एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरणारा फेर. हा नाच रिसॉर्टच्या हिरवळीवर पाहण्यात आणि पाड्यावर पाहण्यात फार अंतर आहे. होळीपासून पाऊस सुरू होईपर्यंत गावोगाव बोहाडा असतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवतात. माझ्या लेखी जव्हार-मोखाड्यात पाहण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही. अडचण अशी, की हेच दिवस पाणीटंचाईचे. मोखाडा-जव्हारच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा त्या दिवसांत गेलात तर पोहण्याच्या तलावाचं हॉटेल घेऊ नका. बादलीभर पाण्यात भागवणाऱ्या घरगुती मुक्कामी राहा आणि जेवणाचे पैसे त्या घरात जाऊ द्या.

भंडारदऱ्याचं तसं नाही. तिथे कोणत्याही महिन्यात गेलं तरी काहीतरी हाती लागतं, आणि म्हणूनच वर्षभराच्या हिशेबात मी त्याला पहिला नंबर देतो.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचा संवाद आहे, त्यात आपली टॉर्च आणि गाडीचे दिवे मिसळले की तो तुटतो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनविभाग वेळेची आणि वाहनांची बंधनं घालतो, आणि ती पाळायलाच हवीत. शक्यतो शनिवार-रविवार सोडून जा. मग पाऊस. रतनवाडी-घाटघरकडे तो असा कोसळतो की दोन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. ज्यांना हे आवडत नाही त्यांनी जुलै सोडून सप्टेंबर धरावा: सोनकीने पिवळी झालेली पठारं, आणि धरणातून पाणी सोडलं असेल तर छत्रीसारखा उलगडणारा अंब्रेला फॉल. नवरात्रात कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटरवर, राज्यातल्या सर्वांत उंच देवळात, आसपासच्या गावांतून माणसं चालत येतात. बारी गावातून लोखंडी शिड्या चढून तुम्हीही त्यांच्यासोबत जाऊ शकता. हिवाळ्यात रतनगड, साम्रदची अरुंद सांधण दरी आणि धरणाच्या तळ्याकाठचे तंबू. पावसाळ्यात मात्र सांधण दरीत उतरायचं नाही, पाणी वाढलं तर बाहेर पडायला वाट मिळत नाही.

वारसा म्हणाल तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर एकटं पुरेसं आहे. ते शिलाहारांशी जोडलं जातं. ज्या घराण्याच्या काळात आपलं ठाणं श्रीस्थानक म्हणून नांदलं आणि १०६० मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, त्याच घराण्याशी. अंबरनाथ आधी पाहून मग अमृतेश्वरला जा, दगड जास्त बोलके होतात. आणखी एक धागा आहे आणि तो प्रत्येक ठाणेकराला माहीत असायला हवा: इंग्रजांविरुद्ध बंड उभारणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, आणि त्यांना फाशी दिली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात, २ मे १८४८ रोजी. तळ्यावर बोटिंग करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? विल्सन धरण (१९१० ते १९२६) सगळे पाहतात. देवगावला जरूर जावं.

जेवणातही इथे खरी श्रीमंती आहे. काळभात, जिरवेल असे वाण, नागलीची भाकरी, हुलग्याचं कढण, रानभाज्या. देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. घरगुती मुक्काम ठरवताना पनीर नको म्हणून आधी सांगा, नाहीतर पाहुणे शहरातले म्हणून तेच वाढतात.

महाबळेश्वरबद्दल थोडक्यात, कारण त्याची माहिती बहुतेकांना असते. सोय हवी असेल तर त्याला तोड नाही. सगळ्या दरांतली हॉटेलं, डॉक्टर, औषधांची दुकानं, गाडी थेट पॉइंटपर्यंत. मे आणि दिवाळीतले भाव आणि गर्दी मात्र सुट्टीचा आनंद घालवतात, आणि पावसाळ्यात आंबेनळी घाटावर विसंबू नये, जुलै २०२१ मध्ये तो खचून बंदच पडला होता. स्ट्रॉबेरीसाठी डिसेंबर ते मार्च, कासच्या फुलांसाठी सप्टेंबर. लोक बाजारपेठ आणि वेण्णा तलावात अडकतात, वारसा मात्र कडेला आहे: क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड, मधाचं गाव मांघर, पुस्तकांचं गाव भिलार, आणि खाली वाई-मेणवलीचे कृष्णाकाठचे घाट. वाईत दोन रात्री राहून वर एक दिवस जाऊन यावं, हे मला उलट्यापेक्षा जास्त पटतं.

तर गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील किंवा वर्षातून एकदाच सलग पाच दिवस मिळणार असतील, तर वाई-महाबळेश्वर. चित्र, नाच, माणसं यांची ओढ असेल आणि एका रात्रीचीच सवड असेल, तर जव्हार. बाकी सगळ्यांनी भंडारदरा घ्यावा, आणि सुरुवात सप्टेंबरच्या शेवटाला करावी. रस्ते बरे असतात, भात उभा असतो, गर्दी ओसरलेली असते, आणि त्या पहिल्या फेरीतच रतनवाडीत किंवा साम्रदला एखादं घर ठरवून ठेवलंत, तर पुढच्या जूनमध्ये काजव्यांसाठी खोली शोधत फिरावं लागणार नाही.