नऊ खिशांचा निवड-फळा: एक पावसाळा काढल्यानंतर

मुलांनी उद्याचे काम स्वतः निवडावे म्हणून भिंतीवर टांगायचा हा कापडी फळा: नऊ खिसे, प्रत्येकात एका कामाचे कार्ड, खिशाखाली वेलक्रोच्या टिकल्या आणि त्यांवर लावायच्या नावाच्या पट्ट्या, असा हा संच. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा लावला, आता नाताळची सुट्टी तोंडावर आली. पैसे माझ्या खिशातले, साडेअठराशे रुपये. तेवढ्यात वर्गाला वर्षभर पुरतील इतके क्रेयॉन आणि कार्डशीट आले असते. तेव्हा रुपयाचा हिशेब ठेवूनच लिहिते आहे.

माझी सगळी तक्रार वेलक्रोच्या गोल टिकल्यांवर आहे. एवढ्याशा टिकलीसाठी इतके लिहायचे का, असे वाटेल, पण या फळ्याचा जीव त्या टिकल्यांतच आहे. शाळा सुटायच्या आधी मूल आपल्या नावाची पट्टी उचलते आणि उद्या जे करायचे आहे त्या खिशाखाली लावते. एका खिशाखाली चारच टिकल्या, म्हणजे माती, कागदकाम, रंग, जे काही असेल तिथे चौघांनाच जागा. पाचव्याने दुसरे काही निवडायचे किंवा परवापर्यंत थांबायचे. भांडण नाही, माझ्याकडे तक्रार नाही. ही योजना ज्याने कोणी केली त्याला मुले कळतात.

आमची शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि जुलैत तर भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पहिल्या आठ-दहा दिवसांतच टिकल्या सुटू लागल्या. सकाळी दार उघडले की नावे जमिनीवर. दुसरीतल्या एका मुलीने आदल्या दिवशी मातीकाम निवडले होते. सकाळी ती रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘टीचर, म्हजें नांव पडलां.’ तोवर त्या चार जागांवर दुसरी चार नावे लागलेली. तिला मी आणखी एक पाट टाकून बसवले, पण त्यानंतर ती शाळा सुटताना पट्टी लावून झाली की तळहाताने बराच वेळ दाबून धरायची. मुलाने विचार करून केलेली निवड रात्रीतून गळून पडते, हे मला क्षुल्लक वाटत नाही.

बिघाड कुठे आहे तेही सांगते. वेलक्रोचे आकडे आणि त्याची लव एकमेकांना घट्ट धरतात, पण टिकलीच्या पाठीचा गोंद त्या मानाने कच्चा. मूल पट्टी ओढते तेव्हा वेलक्रो सुटायच्या आधी गोंदच सुटतो. त्यात दमट हवा आणि खडूची धूळ. एकदा धूळ बसली की ती टिकली पुन्हा चिकटत नाही.

कंपनीला फोन केला. आधी म्हणाले, खोके उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मग म्हणाले, टिकल्या वॉरंटीत येत नाहीत. बऱ्याच फोनाफोनीनंतर टिकल्यांचा एक नवा कागद आला, त्यालाही तोच गोंद. वर सल्ला असा की दमट जागी वापरू नये. मग तसे खोक्यावर छापा. कोकण, गोवा आणि अख्खा मलबार किनारा दमटच आहे, आणि इथेही मुले शाळेत जातात. जुलैअखेर माझे मत पक्के होते: घेऊ नका.

ते मत चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत बदलले. फळा वाळपईला एका शिंप्याकडे नेला. त्याने प्रत्येक खिशाखाली सुती पट्टी शिवून दिली, चार-चार ठिकाणी सैल सोडून. मजुरी एकशे वीस रुपये. मुलांच्या नावांसाठी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेतले आणि ज्याने त्याने आपले नाव आपणच लिहिले. त्यानंतर एकही नाव पडलेले नाही. तेव्हा पहिल्यांदा मी फळ्याकडे नीट पाहिले. कापड जाड आहे, खिशांची शिवण दुहेरी आहे, मुले रोज हात घालतात तरी एक टाका उसवलेला नाही. फळा उत्तम आहे. त्यावर चिकटवलेले सगळे वाईट आहे.

कार्डांचेही तसेच. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक सोडायचे असते, म्हणजे कडा बंद राहते. यांनी कागदाच्या काठाला लागून कापले आहे. ओल कडेतून आत शिरली आणि कार्डे फुगली. मला त्यांचे फार वाईट वाटले नाही, कारण नऊपैकी दोन कार्डे बर्फाची होती आणि प्रत्येकावर तयार वस्तूचा फोटो. फोटो दिसला की चौघेही तीच वस्तू करतात. मग निवडले काय?

आता कार्डे मी लिहिते. साध्या पुठ्ठ्यावर साहित्याचे चित्र आणि एक प्रश्न, तयार वस्तू कुठेच नाही. चवथीला गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगतात ती माटोळी. चवथीच्या आधी ‘तुमच्या माटोळीला काय बांधतात?’ असे कार्ड ठेवले होते. कोणी मातीची आंबाड्याची फळे केली, कोणी कागदाचे कवंडळाचे फळ, एकाने सुपारीचा घोस करायला खऱ्या सुपाऱ्याच आणल्या. दिवाळीआधी नरकासुराचे कार्ड होते, तिथे मात्र चारांची मर्यादा मलाच उठवावी लागली. माती गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतून उरलेली मिळते, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवली की मऊ राहते.

सगळ्यांत जास्त चालते ते कावीचे कार्ड. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो खरवडतात आणि खालचा पांढरा दिसू लागतो, तेच कागदावर. पांढरा क्रेयॉन दाबून घासायचा, वर तांबडा पोस्टर कलर. मेणावर रंग धरत नाही, म्हणून रंगात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालायचा. वाळला की बोथट काडीने खरवडायचे. तिसरीतला एक मुलगा, वहीत दोन ओळी लिहायला नको म्हणणारा, ओळीने मोर काढत बसला होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठला नाही.

पहिलीला नऊ पर्याय एकदम देऊ नका. ती मुले फळ्यासमोर नुसती घुटमळतात आणि शेवटी मैत्रिणीने निवडले ते घेतात. मी त्यांच्यासाठी तीनच खिसे उघडे ठेवते, बाकीच्यांवर फडके टांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कलाशिक्षकांनी ‘टीचिंग फॉर आर्टिस्टिक बिहेवियर’ नावाने जी पद्धत मांडली तिथेही वर्गातले साहित्याचे कोपरे असेच एकेक करून उघडतात: आधी चित्रे, मग कोलाज, रंग, माती. चौथीला मात्र नऊही चालतात.

खोक्यावर ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार’ असा शिक्का आहे, त्याला भुलून पैसे देऊ नका. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, कार्डे अशा साहित्याचा सरकारी संच फेब्रुवारी २०२३ मध्येच आला. तुमच्या शाळेत आला असेल तर त्यातले साहित्य आधी या खिशांतून फिरवा.

एकट्या फळ्याला मी पाचशे रुपये दिले असते. तो सुटा विकाल का, आणि टिकल्यांऐवजी पट्टी शिवून द्याल का, असे कंपनीला लिहून विचारले आहे, उत्तर आलेले नाही. तोवर ज्यांना हवा आहे त्यांनी जाड मांजरपाट घेऊन शिवून घ्यावा: खिसा वीतभर रुंद, खोली कार्डाच्या निम्मी म्हणजे चित्र वर दिसते, आणि सगळ्यांत खालची पट्टी पहिलीतल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या खांद्याच्या उंचीला.