लिफ्ट आणि स्टिअरिंगच्या नावाखाली आमचाच पंप रंगवून आम्हालाच विकला

आमच्याकडं २००९ चा ट्रॅक्टर आहे, अण्णांनी घेतलेला. सेलू तालुक्यात दुधनेकडची सगळी भारी काळी जमीन, तेव्हापासून नांगरट, पाळी, पेरणी सगळं त्याच्यावरच चालू आहे. आमच्यासोबत जे झालं ते दुसऱ्या कोणासोबत होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा.

मे महिन्यात मोगडा (जमीन मोकळी करायचं दातांचं औजार) चालू असताना लिफ्ट, म्हणजे मागचं औजार तेलाच्या दाबानं वर उचलणारा भाग, त्रास द्यायला लागली. सकाळी चांगली उचलायची, तासभर काम झालं की लिव्हर वर ओढला तरी मोगडा जमिनीतच. रेस वाढवली की खालून ऊंऽऽ असा रडल्यासारखा आवाज वाढायचा, पण मोगडा काही वर येत नव्हता. जेवायला अर्धा तास बंद ठेवला की परत थोडा वेळ ठीक. आणि त्याच आठवड्यात पावर स्टिअरिंगपण जड झालं, धुऱ्यावर वळवताना अण्णांना दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, मध्येच हलकं व्हायचं मध्येच अडकल्यासारखं.

मृग लागायला आठ दिवस राहिले होते. जवळच्या मोठ्या गावात एक गॅरेज आहे, तिथं नेला. मिस्त्रीनं एक पाना सुद्धा लावला नाही, तेलाची स्टिक काढून बघितली नाही, नुसतं चालू करून आवाज ऐकला आणि म्हणला, "पंप गेला भाऊ, अन् स्टिअरिंगचं युनिट पण गेलं, आता नाही बदललं तर पेरणीत उभा राहील." पेरणीचं नाव काढलं की शेतकरी घाबरतो, हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं. पंप म्हणजे दाबानं तेल ढकलणारा पार्ट, युनिट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की ते तेल चाकं वळवायला सोडणारा. नवा पंप १४,५००, युनिट ९,८००, तेल ५,२०० आणि मजुरी २,००० असे ३१,५०० सांगितले. अण्णांनी आडतीवरून उचल घेतली आणि दिले. दोन दिवस ट्रॅक्टर तिथंच ठेवून घेतला. जुना पंप मागितला तर म्हणला, तो कंपनीला परत द्यावा लागतो. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्याच्यावर लिहिलं, ट्रॅक्टर रिपेअर ३१,५००, बस. कोणता पार्ट, कोणता नंबर, काहीच नाही. मी तिथंच अडून बसायला पाहिजे होतं.

आठ-नऊ दिवस ट्रॅक्टर मस्त चालला. मग ऐन पेरणीत, सोयाबीनची सात एकर राहिली असताना, परत तेच. तोच आवाज, लिफ्ट तशीच, स्टिअरिंग तसंच. फोन केला तर म्हणला तुम्ही जास्त लोड दिला असेल. शेवटी राहिलेली पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घेतली, आपला दारात उभा असताना.

मग शेजारच्या गावातल्या चाचांना आणलं. त्यांनी सगळी उमर ट्रॅक्टर खोलण्यातच काढली, आता घरीच असतात. त्यांनी आधी विचारलं, लिफ्ट आणि स्टिअरिंग एकदमच बिघडलं का मागं-पुढं? एकाच आठवड्यात म्हणलं तर लगेच बोलले, "पंप कू हात नै लगाना, पैले जाली देखो." नंतर त्यांनी समजावून सांगितलं ते मला लई पटलं. आमच्या ट्रॅक्टरला लिफ्टचं आणि स्टिअरिंगचं तेल एकाच ठिकाणाहून येतं, मागच्या हाऊसिंगमधून (गिअरच्या पेटीतून), तेल गाळणाऱ्या एकाच जाळीतून (काही ट्रॅक्टरला स्टिअरिंगची वेगळी टाकी असते, तिथं हे लागू होत नाही). दोन वेगवेगळे पार्ट एकाच आठवड्यात मरणं अवघड असतं, म्हणून दोन्हीला मिळून जे एक आहे ते आधी बघायचं, म्हणजे तेल, जाळी आणि सक्शनचा (पंप तेल ओढतो तो) पाइप. पंप आतून झिजला असेल तर रेस वाढवल्यावर लिफ्ट थोडी तरी सुधारते. इथं रेस वाढवली की नुसता आवाज वाढत होता, म्हणजे पंपाला ओढायला तेलच मिळत नव्हतं.

स्टिक काढली तर तेल चहात दूध टाकल्यासारखं, वर फेस. दूधट म्हणजे पाणी गेलेलं, फेस म्हणजे हवा ओढतंय. जाळी काढली तेव्हा मी स्वतः हातात घेतली, एका बाजूला काळा चिकट गाळ खरकट्या तव्यासारखा बसलेला, बोटानं खरवडला तर नखात बारीक चमकणारा भुसा आला. मिस्त्रीनं नवं तेल टाकताना वरवर धुतली असेल, म्हणून आठ दिवस चालला. चालू असताना गाळ जाळीला चिकटायचा, बंद केला की थोडा खाली बसायचा, म्हणून जेवणानंतर बरं वाटायचं. सक्शन पाइपची ओ-रिंग (सांध्यातून हवा शिरू न देणारी रबरी कडी) तर चपटी होऊन प्लास्टिकसारखी कडक झाली होती, वाकवली तर कटकन तुटली. नवी ४० रुपयांना आली. पाणी कुठून गेलं तर गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं, पाऊस पडला की किंवा ट्रॅक्टर धुतला की थेट आत.

हे चालू असतानाच धाकट्या भावाचं लक्ष पंपाकडं गेलं. गरम तेल लागून निळा रंग पापुद्र्यासारखा निघत होता आणि खाली फ्लँजचा (पंप बोल्टनं बसतो त्या कडेचा) एक कान थोडा तुटलेला. तो कान भावाच्याच हातून हातोडा लागून तुटला होता, तीन वर्षांपूर्वी बोल्ट सैल करताना. आमचाच पंप! धुऊन, रंग मारून परत बसवलेला, १४,५०० ला. युनिट पण आमचंच निघालं, नवा फक्त बाहेरचा रंग. पंप चाचांनी काढला सुद्धा नाही, ओळखीच्याकडून प्रेशर गेज (तेलाचा दाब मोजायचं मीटर) आणून लावलं, काटा व्यवस्थित वर जात होता. पंप गेला म्हणणाऱ्याला गेज लावून दाखव म्हणा, आणि गेज लावायच्या आधी जाळी आणि तेल बघायला सांगा, नाहीतर जाळी चोंदलेली असताना चांगला पंपपण कमी दाखवतो.

चाचांनी अजून दोन गोष्टी दाखवल्या. औजार वर उचलून इंजिन बंद केलं आणि ते झपझप खाली आलं तर दोष पंपात नसतो, सिलेंडरच्या पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व बघायचा, कारण औजार धरून ठेवायला पंप लागतच नाही. ते बघताना औजाराखाली हात-पाय घालू नका. आणि स्टिअरिंग जड असेल तर पुढचं जॅकवर उचलून सिलेंडरची पिन काढायची, चाक हातानं ढकलायचं. हातानंपण फिरत नसेल तर किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) जाम आहे, युनिट बदलून काही होणार नाही. लीक शोधायला बोट कधीच फिरवू नका, बारीक छिद्रातून प्रेशरचं तेल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते, पुठ्ठा धरा.

गॅरेजवाल्याकडं फोटो घेऊन गेलो. आधी अंगावर आला, मग लोक जमल्यावर ८,००० परत दिले, आता फोन उचलत नाही. परभणीच्या एका वकिलांना विचारलं, ते म्हणले जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, १९१५ वर फोन करून पण नोंद होते. पण पहिला प्रश्न त्यांनी हाच केला की बिल कुठंय. आमच्याकडं तो वहीचा कागद आणि ऑनलाइन दिलेल्या अर्ध्या पैशांचा मेसेज आहे, बाकीचे नगदी दिलेले. तरी टाकणार आहे तक्रार. निघालेला रंग, तुटलेला कान, सगळ्याचे फोटो आणि भावाचा जबाब आहे.

तेल पूर्ण बदललं, हाऊसिंग डिझेलनं धुतली, जाळी नवी टाकली, गिअरचं बूट बदललं. काल रात्री जोराचा पाऊस झाला, सकाळी अण्णांनी चहाच्या आधी जाऊन स्टिक काढून बघितली, तेल स्वच्छ होतं.